आमच्या लग्नाची भारचाचणी

२ सप्टेंबर, सोमवार

संपादिकेने केबिनमध्ये बोलावलं. रविवारच्या पुरवणीसाठी मोठा लेख हवाय: शिकलेली, कमावती तरुण मंडळी लग्नाकडे कशी बघतात. म्हणाली, सर, हा विषय तुमच्याशिवाय कोणाला देणार? (नंतर कळलं, आरोग्यवाल्या बाईंनी नाही म्हटलं आणि क्रीडावाला आजारी आहे. तपशील गौण.) तत्काळ होकार दिला. या विषयातला माझा अधिकार वादातीत. तीस वर्षांचं यशस्वी लग्न, शिवाय घरात लग्नाला 'बघू' म्हणणारी लेक. प्रयोगशाळा आणि उंदीर दोन्ही घरचे.

निघताना संपादिका म्हणाली, फक्त उपदेश नको हं सर. हसलो. मी आणि उपदेश!

सिद्धान्त बसमध्येच सुचला. तरुण पिढी लग्नाला घाबरत नाही. तिने उत्तम लग्न जवळून पाहिलेलं नसतं, एवढंच. आमच्या लेकीने पाहिलंय. तेव्हा तिचं आता होईलच. पुरावे तेवढे गोळा करायचे राहिलेत.

४ सप्टेंबर, बुधवार

जेवताना लेकीने बातमी फोडली.

लेक लिफ्ट तपासते. उंच इमारतीतली लिफ्ट सुरक्षित आहे की नाही ते ठरवणं हा तिचा पेशा. तिची सही नसेल तर बाराव्या मजल्यावरचा माणूस जिन्याने उतरतो. तर तिचं आणि तिच्या त्या भूलतज्ज्ञ मित्राचं ठरलंय. लग्न करणार आहेत. इथवर ऐकून मी पाण्याचा पेला उचलला, शुभेच्छा द्यायला. तेवढ्यात पुढचं आलं: पण एक कलम असेल. दर वर्षी ठरलेल्या तारखेला दोघं समोरासमोर बसणार, लग्न तपासणार, दोघांनी हो म्हटलं तर आणखी एक वर्ष.

मी आधुनिक माणूस आहे. पेला खाली ठेवून शांतपणे विचारलं, आणि नापास झालं तर? म्हणाली, दुरुस्ती करायची. दुरुस्ती नाही जमली तर? म्हणाली, बंद करायची. माणसं आत ठेवून नाही चालवत बाबा.

मी म्हटलं, लग्न म्हणजे लिफ्ट नव्हे. ही (म्हणजे माझी बायको, शाळेत गणित शिकवते, त्यामुळे कमी बोलते आणि शेवटी बोलते) म्हणाली, नाहीच मुळी. लिफ्टमध्ये आरसा तरी असतो.

मी म्हटलं, आमचं लग्न तीस वर्षं विनातपासणी चाललंय. तुटला का दोर? लेक म्हणाली, तुटेपर्यंत सगळेच दोर न तुटलेले असतात.

हे युक्तिवादाच्या दृष्टीने चूक आहे. कसं ते उद्या सुचेल.

५ सप्टेंबर, गुरुवार

सुचलं नाही. ऑफिसात काम फार होतं.

८ सप्टेंबर, रविवार

भूलवाला जेवायला आला होता. शस्त्रक्रियेआधी माणसांना झोपवतो. बोलणंही त्याच धाटणीचं, सावकाश, मऊ, एकसुरी. त्याच्यावर चिडायला लागलं की जांभई येते. मुलगा तसा वाईट नाही. मला काका म्हणतो आणि हिने वाढलेलं सगळं संपवतो.

मी वादाला शास्त्रोक्त सुरुवात केली. आधी पूर्वपक्ष, म्हणजे त्यांची बाजू. मग खंडन, म्हणजे माझी. पूर्वपक्ष जरा लांबला. भूलवाला म्हणाला, काका, आमचं म्हणणं आम्हाला इतकं छान मांडता आलं नसतं. त्यावर लेकीने टाळी वाजवली. खंडन आवरतं घेतलं आणि हुकमाचं पान टाकलं: आमचं लग्न तपास. महिनाभर. तुझ्याच पद्धतीने. पास झालो तर ते वार्षिक कलम रद्द आणि तुम्ही दोघांनी चारचौघांसारखं कायमचं लग्न करायचं. नापास झालो तर... पण तो प्रश्न उद्भवत नाही.

लेक म्हणाली, बाबा, नीट विचार करा, मी कामात नातंगोतं बघत नाही. म्हटलं, बघूच नकोस. मग हिला विचारलं, तुझी काही हरकत? ही म्हणाली, तीस वर्षांत पहिल्यांदा विचारलंत. हरकत कसली असणार.

बिनविरोध मंजूर.

९ सप्टेंबर, सोमवार

लेखाचा शेवट मिळाला: 'आणि या वार्ताहराने आपल्याच घराची दारं तपासणीसाठी सताड उघडली.' संपादिका रडेल.

१० सप्टेंबर, मंगळवार, सकाळी पावणेसात

आज रिकामी फेरी. लिफ्टमध्ये कोणी न बसवता ती नुसती वरखाली पळवायची आणि कान देऊन आवाज ऐकायचे असतात. लेक रजा काढून घरी बसणार, काही बोलणार नाही. आम्ही नेहमीसारखं वागायचं.

संकल्प: नेहमीसारखं वागणे. त्यासाठी आजचा चहा मी करणार.

त्याच दिवशी, साडेसात

केला. चहाची पूड आमच्याकडे डाळीच्या डब्यामागे ठेवतात, हा नवा शोध. कप हिच्या हातात दिला. हिने एक घोट घेतला, कप ठेवला आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. बरं नाही का वाटत तुम्हाला? म्हटलं, ठणठणीत आहे, नेहमीसारखा. म्हणाली, साखर घातलीत. म्हटलं, नेहमीसारखी. तेव्हा असं उघडकीस आलं की हिने साखर सोडली तेव्हा लेक कॉलेजात होती.

ही माहिती मला आजवर कोणत्याही सूत्राने दिलेली नाही. वार्ताहराला कोणी कळवलंच नाही तर तो दोष वार्ताहराचा कसा?

त्याच दिवशी, सायंकाळी

लेक दिवसभरात एकच वाक्य बोलली: रिकाम्या फेरीत कसलाही आवाज येत नाही. याहून मोठं प्रशस्तिपत्र ते काय! ही म्हणाली, येईल कसा, हे पुढच्या खोलीत होते आणि मी मागच्या.

किरकोळ.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

दरवाज्याची चाचणी. लिफ्टचं दार मिटत असताना मध्ये कोणाचा हात आला तर ते थांबून परत उघडलं पाहिजे. संसारात याचा अर्थ, एकजण बोलत असताना दुसऱ्याने काही म्हटलं तर पहिल्याने थांबावं. जेवताना मी लेखाची रूपरेषा सांगत होतो. हिने दोनतीनदा हात घातला, असं लेकीचं म्हणणं. मला दिसला नाही. उलट हिची अर्धी वाक्यं मीच पुरी करून देत होतो. दीर्घ सहवासाने ते साधतं.

ही म्हणाली, तुम्ही जे जे पुरं केलंत त्यातलं एकही मला म्हणायचं नव्हतं. मी चकित. विचारलं, मग इतक्या वर्षांत सांगितलं का नाहीस? म्हणाली, दार लागलेलं होतं.

मायलेकी बराच वेळ हसत होत्या. घरातलं वातावरण खेळकर. हे गुणांत धरलं जावं, असं लेकीला सुचवलं. तिने ऐकून घेतलं.

१७ सप्टेंबर, मंगळवार

लेखासाठी एका तरुण दंतवैद्य मुलीला भेटलो, तिच्या दवाखान्यासमोरच्या कॉफीच्या दुकानात. हुशार मुलगी. म्हणाली, मला माणूस हवाय, लग्नाचंही वावडं नाही, पण माझ्या आईवडिलांसारखं नकोय. ते एकमेकांना फक्त सूचना देतात. बाबांना आईचा फोन आला की ते आधी सुस्कारा टाकतात, मग उचलतात. मी हे टिपून घेत होतो, तर माझा फोन वाजायला लागला. हिचा होता. मुलाखत ऐन रंगात, म्हणून उलटा करून ठेवला. परत वाजला. उशीखाली घालावा तसा वहीखाली घातला. मुलगी म्हणाली, उचला ना काका, काही तातडीचं असेल. म्हटलं, छे, घरचाच आहे.

वाईट वाटलं त्या मुलीसाठी. कसल्या घरांत वाढतात ही मुलं!

घरी पोचलो तर लेक दारातच. आज आपत्कालीन घंटेची चाचणी होती. लिफ्ट अडकली की आतल्या माणसाने घंटा दाबायची. बाहेर कोणी ऐकतं का, किती वेळात ऐकतं, हे पाहतात. घंटा मुद्दाम न कळवता वाजवायची असते म्हणे.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. खरोखरच आपत्ती असती तर मी नक्की उचलला असता. ही म्हणाली, ते कळणार कसं तुम्हाला? हा प्रश्न तात्त्विक आहे आणि त्याचं उत्तर घाईने देणं योग्य नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

संकल्प: हिचा फोन पहिल्या घंटेला उचलणे.

हिने आज फोन केलाच नाही. माझ्याकडून तयारी पूर्ण होती.

२० सप्टेंबर, शुक्रवार

भारचाचणी. हीच खरी. लिफ्टमध्ये ठरलेल्या वजनाच्या सव्वापट वजन भरतात आणि ती जागची हलते का ते बघतात. लेकीने वजन म्हणून ताईला बोलावलंय. ताई माझी थोरली बहीण. अंगाने किरकोळ, पण ती जिथे बसते त्या बाजूला घर कलतं. आठवडाभर राहणार.

आल्या आल्या तिला कलमाबद्दल सांगितलं. बूट काढता काढता म्हणाली, लग्न करताय की खोली भाड्याने घेताय गं? माझ्या मनात टाळी वाजली. लेक म्हणाली, आत्या, भाडेकरारात निदान छत गळलं तर कोणाला सांगायचं ते लिहिलेलं असतं. ताई म्हणाली, आमचं गळायचं तेव्हा आम्ही बादली ठेवायचो. इतकं म्हणून ती दुसरा बूट काढायला लागली.

२२ सप्टेंबर, रविवार

ताईने पडद्यांना नावं ठेवण्यापासून सुरुवात करून हिच्या नोकरीपर्यंत मजल मारली. ऑफिसात तातडीचं काम निघाल्यामुळे मला जावं लागलं. टेबलाचा खालचा खण किती दिवस आवरायचा राहिला होता. चारच्या सुमारास परत आलो, ताई अजून हिच्या नोकरीवरच होती. तसाच ऑफिसात परत गेलो. खणांचं एक बरं, वरचाही असतो.

२५ सप्टेंबर, बुधवार

आज जेवताना ताई म्हणाली, पोरगी अशी हट्टी निघाली कारण आई दिवसभर दुसऱ्यांची पोरं शिकवत बसली. मग माझ्याकडे वळून, तूच सांग रे, खरं की नाही?

हिने माझ्याकडे पाहिलं. लेकीनेही. वार्ताहराने अशा वेळी तटस्थ राहायचं असतं. मी म्हटलं, दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

उत्तर समतोल होतं. आजही तेच देईन. परंतु हिने उठून ताटं उचलली. माझंही. मी जेवत होतो.

नंतर लेक बाल्कनीत आली. तपासणीच्या काळात ती माझ्याशी कामापुरतंच बोलते, तशीच बोलली: भार टाकला की लिफ्टने जागेवर थांबायचं असतं बाबा, तळघरात जाऊन बसायचं नसतं. मी तिला तटस्थता आणि पलायन यांतला भेद समजावून सांगितला. भेद फार सूक्ष्म आहे. मलाही तो सांगताना मध्येच निसटला.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

ताईला गाडीत बसवून दिलं. काच खाली करून म्हणाली, तुझी बायको मोठी हिमतीची रे. मी इतकं बोलले, एक उलट शब्द नाही. तिच्या जागी मी असते तर मला नव्हे, तुला घराबाहेर काढलं असतं.

बाहेरच्या निरीक्षकाकडूनही आमच्या लग्नाला असा दाखला मिळाला. लेकीला सांगितला. तिने विचारलं, हे कौतुक वाटलं तुम्हाला? मुलांना भाषेतल्या छटा कळेनाशा झाल्यात.

३० सप्टेंबर, सोमवार

लेखात थोडी तांत्रिक बाजू हवी म्हणून लेकीबरोबर तिच्या कामावर गेलो. सोळा मजली इमारत, गच्चीवर यंत्रखोली. मोठं चाक, ग्रीसचा वास, भिंतीवर तेलकट हातांचे ठसे. मला डोक्यावर हेल्मेट दिलं, ते जरा मोठं होतं. लेक गुडघ्यांवर बसून, हातात टॉर्च, दोराची एकेक तार बघत होती. तीन माणसं तिच्या शब्दाची वाट बघत उभी. मी तिच्यावर ओरडलो की ती लहानपणी पलंगाखाली लपायची. हे तिथे का आठवलं, कोण जाणे.

तिने मला एक गोष्ट दाखवली. दोराच्या एका टोकाला लिफ्टचा पिंजरा असतो, हे ठाऊक होतं. दुसऱ्या टोकाला लोखंडी लाद्यांची चळत लटकते. पिंजरा वर चढतो तेव्हा ती खाली उतरते, म्हणूनच तो सहज चढतो. ती भिंतीलगतच्या अंधारात असते. तिला दिवा नाही, पंखा नाही, बटण नाही. आत बसलेल्याला तिचा पत्ताही नसतो.

मी भारावलो. म्हटलं, हा मी!

लेकीने टॉर्च बंद केला. मग म्हणाली, बाबा, हेल्मेट सरळ करा.

२ ऑक्टोबर, बुधवार

पहिला खर्डा संपादिकेला दिला. दुपारी परत आला. म्हणाली, सर, भाषा सुरेख आहे, पण विषय तरुणांचा होता आणि लेखभर तुम्हीच आहात. एक दंतवैद्य मुलगी येते, तीही तुमचा फोन वाजल्यावर निघून जाते. आणि हो, तो फोन कोणाचा होता? वाचकाला चुटपुट लागते.

नव्या पिढीच्या संपादकांना व्यंजना झेपत नाही. पुन्हा लिहितो.

५ ऑक्टोबर, शनिवार

उद्या निकाल. भूलवालाही येणार. आत्मपरीक्षण केलं. चहा: प्रयत्न उत्तम. दार: मतभेद. घंटा: अपवादात्मक परिस्थिती. भार: तटस्थ. एकूण पहिला वर्ग, अगदीच कडक तपासलं तर वरचा दुसरा.

हिला विचारलं, तुला काय वाटतं? ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, मी परीक्षार्थी आहे, मला कसं विचारता? मग थोड्या वेळाने म्हणाली, पण खरंच विचारताय का? तेवढ्यात ऑफिसातून फोन आला. पहिल्या घंटेला उचलला.

६ ऑक्टोबर, रविवार

जेवणानंतर चौघं टेबलाशी. लेकीने कामावरचा आवाज लावला. म्हणाली, दोर चांगले आहेत. ब्रेक लागतात, म्हणजे भांडण होतं पण कुठेतरी थांबतं. इतक्या वर्षांत कोणी पडलं नाही. मी भूलवाल्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. त्याने मान डोलावली. झोप आल्यासारखं वाटलं, पण आवरलं.

मग म्हणाली, पण बाबा, ही मालाची लिफ्ट आहे.

विचारलं, म्हणजे?

म्हणाली, भाजी वर येते, कचरा खाली जातो, निरोप पोचतात. दोघांची आजारपणं याच लिफ्टने वाहिली, मीही याच लिफ्टने वर आले. एकदाही अडकली नाही. पण महिनाभरात तुम्ही दोघं आत उभे राहून एकमेकांशी बोलताय, असं मला एकदाही दिसलं नाही.

मी मुद्द्यावर आलो: पास की नापास? म्हणाली, मालासाठी पास. माणसांसाठी... आणि तिथे तिचा कामावरचा आवाज बंद पडला. पाणी प्यायला म्हणून उठली, तर पाणी समोरच होतं. ही म्हणाली, अगं वेडे, लिफ्टबद्दल सांगत होतीस ना, मग रडतेस काय?

लेकीच्या डोळ्यांत पाणी होतं. अभिमानाने असावं. अर्धा निकाल तरी माझ्या बाजूने लागला होता.

७ ऑक्टोबर, सोमवार

हिला म्हटलं, मालाची लिफ्ट म्हणाली आपल्याला. वाईट नाही वाटलं तुला? ही शर्टाला बटण लावत होती. म्हणाली, मालाची लिफ्ट बंद पडली तर अख्खी इमारत अडते. तिला असं कमी लेखू नये पोरीने.

म्हणजे हिलाही आमच्या लग्नाचं मोल कळतं. समाधान वाटलं. मी नंतर बघितलं, शर्ट माझाच होता.

९ ऑक्टोबर, बुधवार

विजय! विजय! तपशील क्रमाने लिहितो, कारण पुढे थोडा गोंधळ आहे.

सायंकाळी दोघं आले. लेक म्हणाली, बाबा, कलम काढून टाकलं. साधं लग्न करतोय. कायमचं.

मी उभा राहिलो. विचारलं, आमच्या लग्नाच्या आदर्शामुळे ना? म्हणाली, एका अर्थी. मग सांगितलं ते असं: माणसांची लिफ्ट नापास झाली की ती बंद करायची असते. मालाची म्हणून सोडून द्यायची, हा प्रकार आमच्या कामात नाही. तो मी रविवारी बसल्या जागी काढला. कारण तुम्हाला नापास म्हणायला जीभच उचलली नाही. बंद करायला जो कचरतो, त्याने तपासू नये. उद्या दर वर्षी याच्यासमोर बसून मी हेच करणार. काहीतरी पळवाट काढून सही करणार. मग तपासणीचं नाटक हवं कशाला? सही करायचीच आहे तर एकदाच करते.

भूलवाला म्हणाला, काका, त्या कलमाची मी तर आधीच हाय खाल्ली होती. आत्या आल्या त्या आठवड्यात मीसुद्धा तळघरातच गेलो असतो. तुम्ही गेलात तरी तुम्हाला कोणी बाहेर काढलं नाही, हे बघून फार धीर आला.

शेवटी अनुभवाचं वजन पडतंच. मी लेकीला जवळ घेतलं. भूलवाल्यालाही घेतलं; त्याला औषधाचा वास येतो. कायमचं लग्न! जे सिद्ध करायला निघालो होतो ते सिद्ध झालं.

आता गोंधळ. ही इतका वेळ दाराशी उभी होती. शांतपणे म्हणाली, म्हणजे ते वार्षिक कलम आता तुम्हाला नको ना? लेक म्हणाली, नको. ही म्हणाली, मग वाया का घालवायचं? आम्ही घेतो.

सगळे हसले. मी सर्वांत मोठ्याने.

१० ऑक्टोबर, गुरुवार

ही विनोद करत नव्हती.

१२ ऑक्टोबर, शनिवार

चर्चा झाली. हिचं म्हणणं: लेकीला नापास म्हणता आलं नाही, कारण ती लेक आहे. मी गणिताची बाई आहे, मला अडचण नाही. पुढच्या वर्षी याच सुमारास समोरासमोर बसू. तोवर मालवाहतूक चालू ठेवू. माणसांचं बघू.

मी म्हटलं, आपण ज्या पिढीचे, त्या पिढीत 'बघू' असं म्हणत नाहीत. म्हणाली, तेच तर. आम्हाला कोणी म्हणू दिलं नाही.

हे मला लागलं असं नाही. पण जेवण कमी गेलं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

लेकीचं लग्न झालं. नोंदणी कार्यालयाचा लांब बोळ, प्लास्टिकच्या खुर्च्या, आमच्या आधी तीन जोडपी. एक जोडपं आपापल्या फोनवर काम करत होतं; नाव पुकारल्यावर 'दोन मिनिटं' म्हणालं. मी छोटं भाषण तयार केलं होतं, अथपासून इतिपर्यंत. 'अथ' म्हणेपर्यंत पुढच्या जोडप्याचं नाव पुकारलं.

साक्षीदार म्हणून सही केली. हिनेही केली. सही करताना हिचं पेन उठेना, तेव्हा मी माझं काढून दिलं. ही माझ्याकडे बघून हसली. आमची तपासणी पुढच्या वर्षी आहे, हे माहीत असूनही मनात नोंद घेतली.

लेक जाताना म्हणाली, बाबा, खूश ना? म्हटलं, अत्यंत. आणि तू? म्हणाली, भीती वाटतेय. म्हटलं, कायमच्या लग्नात वाटतेच. मग म्हणाली, तुम्हाला वाटली होती? आठवून पाहिलं. हिला विचारायला हवं होतं, पण ही तोवर गाडीत सामान ठेवत होती. जाऊन एक बॅग उचलली.

३ नोव्हेंबर, रविवार

लेख छापून आला. संपादिकेने बराच कमी केला. दंतवैद्य मुलगी राहिली. मी गेलो.

ऑफिसात तिघांनी अभिनंदन केलं. म्हणाले, या वेळी भाषा साधी आहे.

९ नोव्हेंबर, शनिवार

घर फार शांत. लेकीची खोली तशीच आहे. ही तिथे बसून वह्या तपासते, दार उघडं ठेवून.

पक्का निर्धार. अकरा महिने हातात आहेत, आणि मी वर्षभर वाट बघणाऱ्यांतला नव्हे. उद्यापासून प्रवासी सेवा सुरू. रोज सायंकाळी आम्ही दोघं, फोन बंद, संवाद. मी मध्ये बोलणार नाही. वाक्य पुरं करणार नाही. फक्त ऐकणार. चहा बिनसाखरेचा.

१० नोव्हेंबर, रविवार, सायंकाळी

सुरू केली. चहा केला, दोन कप घेऊन लेकीच्या खोलीत गेलो, समोर बसलो. हिने वह्या बाजूला ठेवल्या. म्हटलं, बोल. म्हणाली, काय बोलू? म्हटलं, काहीही. मी ऐकतोय.

ऐकत राहिलो. तीही बहुधा ऐकत होती. शेजाऱ्यांकडे कोणीतरी खुर्ची ओढली. हिने चहा पूर्ण प्यायला, ही नोंद महत्त्वाची. एकदा दोघं एकदम बोलायला लागलो आणि दोघंही थांबलो. तू आधी, मी म्हटलं. तुम्ही आधी, ती म्हणाली. असं बराच वेळ.

शेवटी ती म्हणाली, येताना बटाटे आणाल?

म्हटलं, येताना म्हणजे? मी कुठे निघालोय?

म्हणाली, जाल ना आता.

गेलो. बटाटे आणले. चांगले निघाले.